समुद्राचे पाणी आणि माशांचे वैद्यक

समुद्र सर्व काही पोटात घेतो आणि तरीही स्वच्छ राहतो, ही समजूत फार जुनी आहे. नद्या गाळ आणून टाकतात, शहरे सांडपाणी सोडतात, किनाऱ्यावरील माणसे नको ते सर्व लाटांच्या स्वाधीन करतात. आणि तरीही चार कोस आत गेले म्हणजे पाणी निळे ते निळेच. या समजुतीत भाबडेपणा पुष्कळ आहे. परंतु तीत एक तथ्यांशही दडलेला आहे. तो तथ्यांश कोणता, हे नीट उमगण्यास शास्त्रज्ञांना सव्वाशे वर्षांच्या आसपास काळ लागला. या शोधाची हकीकत पटकीच्या साथीपासून सुरू होते आणि नुकत्याच अंड्यातून बाहेर पडलेल्या माशांच्या पिलांपाशी येऊन पोचते.

१८८४ साली इटलीतील नेपल्स शहरात पटकीची भयंकर साथ उद्भवली. त्याच वर्षी रॉबर्ट कॉख हा जर्मन शास्त्रज्ञ कलकत्त्यात पटकीच्या जंतूचा पाठपुरावा पुरा करून मायदेशी परतला होता. रोगाचे मूळ जंतूत आहे हे एकदा ठरल्यावर बंदरांच्या शहरांपुढे साहजिकच प्रश्न उभा राहिला की, गटारांवाटे समुद्रात जाणारा हा जंतू तेथे किती काळ तग धरतो? १८८९ साली दे जाक्सा या इटालियन आरोग्यशास्त्रज्ञाने या प्रश्नावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. समुद्राचे ताजे पाणी जसेच्या तसे घेऊन त्याने त्यात पटकीचे व काळपुळीचे जंतू सोडले. आणि दुसरीकडे तेच पाणी निर्जंतुक करून त्यातही ते सोडले. केवळ खारटपणामुळे जंतू मरत असते, तर दोन्ही पाण्यांत ते सारख्याच वेगाने मरावयास हवे होते. प्रत्यक्षात निर्जंतुक केलेल्या पाण्यात ते पुष्कळ दिवस जगले आणि कच्च्या पाण्यात मात्र त्यांचा निकाल लवकर लागला. मीठ दोहोंत तेवढेच होते. फरक होता तो एवढाच की, एका पाण्यात समुद्राचे मूळ रहिवासी जिवंत होते आणि दुसऱ्यात ते उरले नव्हते.

एक जंतू दुसऱ्याचा वैरी असू शकतो, ही कल्पना त्या काळी अगदीच नवी नव्हती. १८७७ साली पाश्चर व त्याचा सहकारी झूबेर यांनी असे दाखविले होते की, काळपुळीच्या जंतूंच्या शेजारी साधे, निरुपद्रवी जंतू वाढू दिले म्हणजे काळपुळीचे जंतू मागे पडतात. दे जाक्सा याच्या प्रयोगाने तीच गोष्ट समुद्रापर्यंत नेली. परंतु त्या वेळी सर्वांचे लक्ष माणसांच्या रोगांकडे होते. समुद्रातील या अदृश्य वैऱ्यांचा उपयोग समुद्रातीलच प्राण्यांस होऊ शकेल, हे कोणाच्या मनात येण्यास अवकाश होता; कारण मासा आजारी पडतो आणि त्याचीही चिकित्सा करावयाची असते, हा विचारच अद्याप रुजावयाचा होता.

तथापि मासे आजारी पडत होतेच, आणि त्याचा फटका माणसांस बसत होता. इटलीच्या किनाऱ्यावरील खाजणांतून वाम मासे अंगावर लाल चट्टे उठून मोठ्या संख्येने मरत. १८९३ साली कानेस्ट्रिनी याने या रोगास कारण असलेल्या जंतूचे वर्णन केले. १९०९ साली स्वीडनमध्ये बेर्गमान याने बाल्टिक समुद्रातील आजारी वामांपासून असाच एक जंतू वेगळा काढला आणि त्यास ‘व्हिब्रिओ अँग्विलारम्’ म्हणजे ‘वामेचा व्हिब्रिओ’ असे नाव दिले. पुढे हा जंतू केवळ वामेचा शत्रू नसून समुद्रातील कितीतरी जातींच्या माशांचा शत्रू आहे असे दिसून आले. गोड्या पाण्यातही स्थिती याहून बरी नव्हती. १८९४ साली एमेरिख आणि वायबेल यांनी जर्मनीतील बव्हेरिया प्रांताच्या एका मत्स्यबीज केंद्रात ट्राउट माशांत पसरलेल्या गळवांच्या रोगाचा जंतू शोधून काढला. त्यास पुढे ‘साल्मोनिसिडा’, म्हणजे सॅमन माशांचा मारेकरी, असे नाव पडले. हा रोग पुढे ब्रिटनच्या नद्यांत इतका बोकाळला की, १९२९ साली तेथे त्यासाठी खास समिती नेमावी लागली. या समितीचा अखेरचा अहवाल १९३५ साली बाहेर पडला आणि १९३७ साली माशांच्या रोगांविषयी कायदा झाला. परंतु समितीपाशी सांगण्यासारखा उपाय तो कोणता? आजारी मासे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेऊ नयेत, मेलेले मासे काढून टाकावेत आणि स्वच्छता राखावी, एवढाच. औषध नव्हते.

औषध आले ते जमिनीवरून. १९३५ साली डोमाक याने ‘प्राँटोसिल’ या द्रव्याचा गुण जाहीर केला आणि सल्फा औषधांचे युग सुरू झाले. १९४३ साली अमेरिकेत वाक्समन याच्या प्रयोगशाळेत मातीतील जंतूपासून स्ट्रेप्टोमायसीन मिळाले. १९४६ साली अमेरिकेतच गटसेल याने ट्राउट माशांच्या खाद्यात सल्फा औषध मिसळून गळवांचा रोग आटोक्यात आणता येतो असे सिद्ध केले. त्यानंतरच्या दशकात ऑक्सिटेट्रासायक्लीनसारखी प्रतिजैविकेही माशांच्या खाद्यात मिसळली जाऊ लागली. मत्स्यशेती करणाऱ्यांस वाटले की, आता चिंता संपली.

परंतु माशास औषध देणे आणि माणसास औषध देणे यांत मोठे अंतर आहे. आजारी माणसास औषध पाजता येते. आजारी मासा मात्र सर्वप्रथम खाणेच सोडतो. त्यामुळे औषधाने भरलेले खाद्य खातो तो बहुधा निरोगी मासा. ज्यास त्याची गरज आहे तो उपाशीच राहतो. शिवाय न खाल्लेले खाद्य तळाशी जाते, आणि खाल्लेल्या औषधाचाही बराच भाग विष्ठेवाटे पाण्यात व चिखलात उतरतो. तेथे राहणाऱ्या असंख्य जंतूंस अशा रीतीने औषधाचा थोडा थोडा अंश दिवसचे दिवस मिळत राहतो. अर्धवट मात्रा ही प्रतिकारशक्तीची शाळाच होय. १९७१ साली जपानमधील आओकी व त्यांचे सहकारी यांनी गळवांच्या रोगाच्या जंतूंत असे घटक दाखविले की, ज्यांच्या योगाने एक जंतू आपली औषधास न जुमानण्याची शक्ती शेजारच्या जंतूस देऊ शकतो. म्हणजे तळ्यात वाढलेली ही विद्या तळ्यापुरती राहीलच असा भरवसा उरला नाही. माणसांसाठी जपून ठेवावयाची औषधे माशांवर खर्ची घालणे हा आता केवळ मत्स्यव्यवसायाचा प्रश्न राहिला नाही.

इकडे हे घडत असताना समुद्राच्या जंतूंचा स्वतंत्र अभ्यासही वाढत होता. कॅलिफोर्नियातील ला होया येथील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत क्लॉड झोबेल याने आपले सारे आयुष्य या विषयास वाहिले. १९४६ साली त्याचा सागरी सूक्ष्मजीवशास्त्रावरील ग्रंथ बाहेर पडला; आणि १९४७ साली त्याने रोझेनफेल्ड यांच्यासह लिहिलेल्या निबंधात समुद्रातील काही जंतू जमिनीवरील जंतूंस मारक द्रव्ये तयार करतात असे दाखवून दिले. दे जाक्सा याच्या जुन्या कोड्याचा एक धागा अशा रीतीने हाती आला. त्याच सुमारास, १९४५ साली, सार्डिनिया बेटावरील कॅलियारी येथे ब्रोत्सू याने समुद्रात जेथे शहराचे सांडपाणी पडते तेथील पाण्यातून एक बुरशी मिळविली. तिच्यापासून पुढे सेफालोस्पोरीन वर्गाची औषधे निघाली. ती जंतू नसून बुरशी होती, हे खरे. परंतु समुद्राचे पाणी ही औषधांची खाण असू शकते हे जगास पटण्यास तिचा उपयोग झाला.

खऱ्या अर्थाने समुद्री जंतूचे असे म्हणता येईल असे प्रतिजैविक १९६६ साली हाती आले. बर्कहोल्डर व त्यांचे सहकारी यांनी पोर्तो रिको बेटाच्या किनाऱ्याजवळील समुद्रगवताच्या पानांवरून एक जंतू मिळविला होता. त्याने तयार केलेल्या द्रव्याचे पृथक्करण केले तेव्हा त्याच्या वजनाचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग ब्रोमीनचा निघाला. समुद्राच्या एका लिटर पाण्यात ब्रोमाइड असते ते सुमारे ६५ मिलिग्रॅम. एवढ्या विरळ भांडारातून हा सूक्ष्म जीव ब्रोमीन वेचून घेतो आणि त्याचे शस्त्र घडवितो, ही गोष्ट रसायनशास्त्रज्ञांस विलक्षण वाटली. जमिनीवर ज्याची सवय नाही असे रसायन समुद्रात घडते, हे यावरून स्पष्ट झाले. आणि ज्या रसायनाशी रोगजंतूंची गाठ पडलेली नाही, त्याविरुद्ध त्यांच्यापाशी प्रतिकारही नसेल, अशी आशा निर्माण झाली.

या आशेस माशांच्या रोगांकडे वळविण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील गॅलिशिया प्रांताचे नाव अग्रभागी येते. या प्रांताचा किनारा खोल खाड्यांनी कातरलेला आहे आणि तेथील पुष्कळ कुटुंबांचा संसार मासे व शिंपले यांवर चालतो. सांतियागो दे कॉम्पोस्तेला येथील विद्यापीठात लेमॉस, तोरान्सो व बार्खा या संशोधकांनी भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाढणारी हिरवी व तपकिरी शेवाळे गोळा केली. शेवाळांच्या पाच जातींवरून त्यांनी जंतूंचे २२४ वाण वेगळे केले. त्यांपैकी ३८ वाण प्रतिजैविक द्रव्ये तयार करणारे निघाले. हा निबंध १९८५ सालचा. पुढे १९८८ साली त्याच विद्यापीठातील संशोधकांनी अशा सागरी जंतूंची परीक्षा थेट माशांच्या रोगजंतूंवर घेतली आणि त्यांतील अनेकांची वाढ त्यांच्यापुढे खुंटते असे दाखविले.

शेवाळावरील जंतूंस एवढे शस्त्रबळ कशासाठी लागावे? याचे उत्तर जागेच्या टंचाईत आहे. उघड्या समुद्रात पाणी अमर्याद असले, तरी चिकटून राहण्यास योग्य असा पृष्ठभाग फार थोडा. शेवाळाचे पान म्हणजे जंतूंच्या दृष्टीने भरवस्तीतील मोक्याची जागा. ती मिळविण्यासाठी आणि मिळाल्यावर राखण्यासाठी शेजाऱ्याशी झुंजावेच लागते. गॅलिशियातील प्रयोगांत असेही आढळले की, हे वाण एकमेकांस तर मारक होतेच; परंतु त्यांतील प्रत्येकाचे द्रव्य खुद्द त्याच्याही वाढीस आळा घालीत होते. शस्त्र दुधारी होते. निसर्गाने हे औषध कोणा तिसऱ्याच्या उपयोगासाठी केलेले नाही, याची ही खूणच म्हणावयाची.

येथपर्यंतची हकीकत यशाची आहे. परंतु काचेच्या थाळीतील विजय आणि माशाच्या देहातील विजय यांत फरक आहे, हे लवकरच ध्यानात आले. थाळीत जंतू आणि रोगजंतू समोरासमोर, अंगुळभर अंतरावर वाढत असतात; समुद्रातील पिंजऱ्यात तेच द्रव्य प्रत्येक लाटेबरोबर विरळ होत जाते. या बाबतीत एक उदाहरण बोलके आहे. डेन्मार्कमधील ग्राम व त्यांचे सहकारी यांनी माशावरून मिळविलेला एक जंतू १९९९ साली ट्राउट माशांवर वापरून पाहिला आणि व्हिब्रिओमुळे होणारे मृत्यू त्यायोगे घटले. तोच जंतू थाळीत गळवांच्या रोगजंतूसही मारक होता. तेव्हा सॅमन माशांस त्या रोगापासून तो वाचवील, असे मानणे अगदी स्वाभाविक होते. परंतु २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्याने सॅमन माशांस काडीचेही संरक्षण दिले नाही. संशोधकांनी हे अपयश झाकून न ठेवता निबंधाच्या शीर्षकातच नमूद केले. यशाचा गाजावाजा सर्वत्र होतो. परंतु शास्त्राची वाट सरळ राहते ती अशा कबुलींमुळे.

याच सुमारास दुसऱ्या एका देशाने निराळाच धडा घालून दिला. नॉर्वेत १९८७ साली सुमारे पन्नास हजार टन सॅमन माशांच्या पैदाशीसाठी पन्नास टनांच्या आसपास प्रतिजैविके खर्ची पडली होती. म्हणजे दर टन माशामागे जवळजवळ एक किलो. त्यानंतर परिणामकारक लसी आल्या. प्रत्येक माशास पोटात सुई टोचून लस देण्याची पद्धत रूढ झाली. आज तेथील उत्पादन दहा लाख टनांच्याही पुढे गेले आहे आणि प्रतिजैविकांचा खप मात्र अलीकडच्या वर्षांत एका टनाच्या आत आला आहे. नव्या औषधाने जे साधले नसते, ते औषधाची गरजच कमी करून साधले.

मग समुद्री जंतूंचे काम संपले काय? नाही, उलट त्यांची खरी जागा येथेच स्पष्ट झाली. लस टोचावयाची ती वाढलेल्या माशास. कॉड किंवा टर्बट यांची अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली पिले डोळ्यांस जेमतेम दिसतात; त्यांस सुई टोचणे शक्य नाही, आणि टोचली तरी तिचा उपयोग करून घेणारी रोगप्रतिकारशक्ती त्यांच्या अंगी अद्याप पक्व झालेली नसते. व्हिब्रिओचा घाला बहुतकरून याच वयात पडतो. पिलांचे खाद्य असलेले सूक्ष्म शैवाल आणि रोटिफर नावाचे सूक्ष्म प्राणी यांच्याबरोबरच रोगजंतू टाकीत शिरतो. तेव्हा प्रश्नाचे रूपच बदलले. जंतूपासून औषध काढून ते माशास द्यावयाचे, याऐवजी तो जंतूच टाकीत नांदवावयाचा आणि त्याच्याकडून पहारा करवून घ्यावयाचा, असा विचार पुढे आला. १९९५ साली स्कॉटलंडमधील ऑस्टिन व सहकारी यांनी इक्वेडोरमधील कोळंबी केंद्रांत वापरात असलेला एक सागरी जंतू सॅमन माशांवर वापरून रोगाचे प्रमाण घटल्याचे दाखविले.

पुढचा दुवा पुन्हा गॅलिशियाचाच. तेथे शिंपल्यांच्या पिलांच्या टाक्यांतून एक तपकिरी रंगाचा जंतू मिळाला. १९९८ साली त्यास त्या प्रांताच्या प्राचीन रोमन नावावरून ‘गॅलेसिएन्सिस’ असे नाव देण्यात आले. पुढे त्याची गणना ‘फेओबॅक्टर’ या गणात झाली. हा गण ट्रोपोडायथायेटिक आम्ल नावाचे प्रतिजैविक तयार करतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश अभ्यासात, त्या वेळी याच नावाने ओळखला जाणारा वाण प्रथम शैवालाच्या व रोटिफरांच्या संवर्धनात सोडला गेला. तेथे व्हिब्रिओची संख्या लक्षणीय घटली. ज्या वाणातून हे आम्ल तयार करण्याची शक्ती काढून घेतली होती, त्यास मात्र हे साधले नाही. मग पाळी आली कॉडच्या पिलांची. रोगजंतूंचा संसर्ग न झालेल्या पिलांतही शेकडा चाळीस मेली. संसर्ग झालेली सर्वच्या सर्व मेली. परंतु संसर्गाबरोबर हा पहारेकरी जंतू ज्यांच्या पाण्यात होता, त्यांत मेली ती शेकडा दहाच. या आम्लास न जुमानणारे रोगजंतू प्रयोगशाळेत मुद्दाम घडविण्याचा प्रयत्न २०११ साली प्रसिद्ध झाला आहे. तो फारसा यशस्वी झाला नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट होय.

तथापि एवढ्यावरून निश्चिंत होणे शहाणपणाचे ठरणार नाही. एकेक पिलू एकेका लहान वाटीत ठेवून केलेला प्रयोग आणि हजारो लिटरांच्या टाकीतील व्यवहार यांत अंतर आहे. शिवाय आज मित्र म्हणून बोलाविलेल्या जंतूचे नातलग उद्या शत्रू निघू शकतात. इक्वेडोरहून आलेला वर सांगितलेला जंतू ज्या जातीचा आहे, त्याच जातीचे दुसरे काही वाण मासे व शिंपले यांस रोग करतात. म्हणून जातीवर विसंबून न राहता प्रत्येक वाणाची परीक्षा स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

या सर्व हकीकतीचा शेवट मोठा विचार करावयास लावणारा आहे. पिलांच्या टाक्यांत रोग शिरू नये म्हणून मत्स्यबीज केंद्रे समुद्राचे पाणी कसोशीने निर्जंतुक करीत आली. १९९० नंतरच्या दशकात नॉर्वेतील त्रोन्हाइम येथील संशोधकांनी असे प्रतिपादन केले की, या अति स्वच्छतेतच धोका आहे. पाणी निर्जंतुक केले म्हणजे त्यातील सावकाश वाढणारी, निरुपद्रवी वस्ती उठते. पिलांस खाद्य घालताच पाण्यात पोषण भरपूर होते. आणि मोकळ्या पडलेल्या त्या जागेत सर्वांआधी घुसतात ते झपाट्याने वाढणारे, संधिसाधू जंतू. तेव्हा निर्जंतुक केलेले पाणी काही काळ मुरू द्यावे, त्यात शांत स्वभावाच्या जंतूंची वस्ती पुन्हा होऊ द्यावी, आणि मगच ते पिलांस द्यावे.

१८८९ साली दे जाक्सा याच्यासमोर दोन पाणी होती. निर्जंतुक केलेल्या पाण्यात पटकीचा जंतू सुखाने राहिला. कच्च्या पाण्याने त्यास थारा दिला नाही. त्या साध्या प्रयोगात पुढच्या सव्वाशे वर्षांचे सार सामावलेले होते. समुद्र स्वच्छ राहतो तो त्यात काही नसल्यामुळे नव्हे, तर त्यात अगणित जीव आपापली जागा राखून नांदत असल्यामुळे. आणि ती वस्ती उठवून नंतर औषधांनी पाण्याची राखण करू पाहणाऱ्या माणसास अखेर त्याच रहिवाशांस परत बोलवावे लागत आहे.